छोटा धंदा आणि स्वतःची वेबसाईट: पहिल्यांदाच करणाऱ्यांनी सुरुवात कुठून करायची

रात्री साडेदहाची वेळ. एक बाई घरी शिवत बसलीय, सकाळी कपडे द्यायचेत, आणि मशीन टाके सोडायला लागलं. एवढ्या रात्री दुरुस्तीवाल्याला फोन करणं बरं दिसत नाही, म्हणून ती मोबाईलवर टाईप करते, "शिलाई मशीन टाके सोडतंय काय करू". पुढच्या दोन मिनिटांत तिला जे काही दिसेल त्यावरून सकाळी ती कोणाला फोन करणार हे जवळजवळ ठरून जातं. तुम्ही वीस वर्षं हेच काम करत असाल, हात कितीही बसलेला असेल, पण त्या दोन मिनिटांत तुम्ही तिथे नसाल तर ती तुमच्यापर्यंत पोचतच नाही. आणि वाईट वाटतं ते ह्याचं की तुम्हाला हे कधी कळतही नाही. दारातून परत गेलेलं गिऱ्हाईक निदान डोळ्यांना दिसतं, हे दिसत नाही.

मी छोट्या धंदेवाल्यांना वेबसाईट करून देतो आणि ती स्वतः सांभाळायला शिकवतो. सगळ्यांचे सुरुवातीचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून इथे पहिल्या दिवसापासून एकेक पाऊल लिहितोय. उदाहरण शिलाई मशीन दुरुस्तीचंच शेवटपर्यंत धरतो, तुम्ही तिथे तुमचा धंदा टाकून वाचा, क्लासेस असोत, पडदे शिवणं असो, नाहीतर फर्निचरचं पॉलिश असो.

पेज आहे की, मग वेबसाईट कशाला?

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो आणि तो बरोबरच आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम फुकट आहे, फोटो टाकला की लाईक येतात, मग वेगळा खर्च का करायचा?

कारण ती जागा तुमची नाही. भाड्याच्या जागेत धंदा करण्यासारखं आहे ते, आणि भाडेकरार कधी बदलेल ते तुम्हाला कोणी विचारत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये सामान्य लोकांसाठी बंद झालं, आणि तिथे ज्यांनी वर्षानुवर्षं माणसं जोडली होती त्यांना परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप तिन्ही एकदम जवळजवळ सहा तास बंद होते, आणि ज्यांची ऑर्डर घ्यायची एकमेव जागा तीच होती त्यांनी त्या सहा तासांत काय करायचं? अजून जवळचं उदाहरण सांगतो. गुगल बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे गुगलच्या नकाशावर धंद्याची जी माहिती दिसते तिथे, पूर्वी एक छोटी फुकट वेबसाईट बनवून मिळायची, बऱ्याच जणांनी तीच छापील कार्डावर टाकली होती. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या सगळ्या बंद केल्या. थोडे दिवस, म्हणजे १० जूनपर्यंत, तो पत्ता प्रोफाइलकडे वळवला जात होता आणि नंतर तेही थांबलं. कार्ड मात्र लोकांच्या पाकिटात तसंच राहिलं.

सोशल मीडिया सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यावर पुढे येतोच. पण एक जागा अशी पाहिजे जी तुमच्या नावावर आहे आणि बाकी सगळ्या जागा तिकडे बोट दाखवतात. वेबचं मूळ तंत्र सर्न ह्या युरोपातल्या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ ला सगळ्या जगाला मोफत खुलं करून टाकलं, त्यामुळे आजही तुम्ही कोणत्याही कंपनीची परवानगी न घेता स्वतःचं पान मांडू शकता, मोठ्यातल्या मोठ्या कंपनीच्या शेजारी. छोट्या माणसासाठी ही खरंच फार मोठी गोष्ट आहे आणि ती वापरली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पाऊल १: आधी आठवडाभर वही

कॉम्प्युटरला हात लावू नका. एक साधी वही घ्या आणि फोनशेजारी ठेवा. जो कोणी फोन करेल, मेसेज करेल, समोर येईल, त्याने विचारलेला पहिला प्रश्न जसाच्या तसा लिहा. त्याच्या शब्दांत, तुमच्या नाही. हे फार महत्त्वाचं आहे.

दुरुस्तीवाल्याची वही आठवड्याने साधारण अशी दिसते:

"टाके सुटतायत, किती दिवस लागतील?"
"घरी येता का की मशीन घेऊन यायचं?"
"खालून दोऱ्याचा नुसता गुंता होतोय."
"जुनं पायाने चालवायचं मशीन आहे, मोटर बसवून मिळेल?"
"रविवारी चालू असतं का?"
"बघायचे पैसे वेगळे का?"

आता ह्यात एक गंमत बघा. टाके सुटतात तेव्हा कारागीर स्वतः त्याला "हुकचं टायमिंग" म्हणतो, आणि वेबसाईट लिहायला बसला की तो "हुक टायमिंग सेटिंग, टेन्शन असेंब्ली सर्व्हिसिंग" असं लिहितो. पण रात्री साडेदहाला ती बाई "टाके सोडतंय" असं शोधते. तिला टायमिंग माहीत असतं तर तिने स्वतःच केलं असतं. गिऱ्हाईकाचे शब्द आणि तुमचे शब्द ह्यांच्यातलं हे अंतर जितकं कमी तितकी वेबसाईट कामाची, बाकी रंग, फॉन्ट, हलणारी चित्रं सगळं नंतरचं.

आठवड्याने प्रश्न मोजा. जो सगळ्यात जास्त वेळा आला तो पहिल्या पानावर सगळ्यात वर. ही वही हीच तुमच्या वेबसाईटचा अर्ध्याहून जास्त मजकूर आहे आणि तिला काही खर्च नाही, ती जपून ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

पाऊल २: डोमेन, आणि ते तुमच्याच नावावर

डोमेन म्हणजे तुमचा पत्ता, ते अमुकतमुक डॉट कॉम. नाव निवडताना एकच परीक्षा घ्या, फोनवर एखाद्याला एकदाच सांगा आणि त्याला ते न विचारता बरोबर टाईप करता येतंय का बघा. मध्ये आडवी रेघ, आकडे, दोन प्रकारे लिहिता येणारं स्पेलिंग हे टाळा.

आता ह्याच्याही पुढची गोष्ट. डोमेन विकत घेतलं म्हणतात पण खरं तर ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवलेलं असतं, डॉट कॉमसारखं डोमेन एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी मिळतं. आणि ज्याच्या खात्यात ते आहे त्याच्याच हातात त्याच्या चाव्या असतात. माझ्याकडे एक जण आले होते, धंदा चांगला चाललेला, सहा वर्षं जुनी वेबसाईट. ज्या माणसाने ती बनवली होती त्याने डोमेन स्वतःच्या खात्यात स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं, वाईट हेतूने नाही, सोयीचं म्हणून. पुढे त्याने काम सोडलं, फोन नंबर बदलला, मुदत संपल्याचे मेल त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिले. एक दिवस साईट बंद. आम्ही शोधाशोध करेपर्यंत ते डोमेन दुसऱ्याने उचललं होतं. सहा वर्षं गाडीवर, बिलबुकावर, बोर्डावर लिहिलेला पत्ता गेला आणि मी त्यांना काहीच करून देऊ शकलो नाही. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो म्हणून हे इतकं लांबवून लिहितोय.

तर हे करा. डोमेन देणाऱ्या कंपनीकडे खातं स्वतः उघडा, स्वतःचा ईमेल आणि मोबाईल द्या. साईट बनवणाऱ्याला हवं तर नंतर त्यात जायची परवानगी द्या, पण मालक म्हणून नाव तुमचं. ऑटो रिन्यू, म्हणजे मुदत आपोआप वाढवायची सोय, चालू ठेवा आणि कार्डची मुदत संपली की नवीन कार्ड तिथे टाका, कारण ऑटो रिन्यू असूनही डोमेन जातं ते बहुतेक ह्यामुळेच. पासवर्डसोबत दुसरा कोड लागेल अशी सेटिंग चालू करा. आणि डोमेन घेतल्या घेतल्या "तुमचा ईमेल व्हेरिफाय करा" असा मेल येतो तो दुर्लक्ष करू नका, डॉट कॉमसारख्या डोमेनला १५ दिवसांत ते केलं नाही तर डोमेन तात्पुरतं बंद होऊ शकतं.

चुकून मुदत संपलीच तर लगेच घाबरू नका पण थांबूही नका. आधी बऱ्याचदा थोडे दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करता येतं. डोमेन रद्द झालं तरी डॉट कॉमसाठी पुढे ३० दिवसांचा काळ असतो ज्यात जास्तीचे पैसे भरून ते परत मिळवता येतं, मग ५ दिवस काहीच करता येत नाही आणि त्यानंतर ते कोणालाही घ्यायला मोकळं होतं.

पाऊल ३: साईट कशावर बनवायची

इथे नवीन माणूस महिना महिना अडकतो, अडकायची गरज नाही. ढोबळमानाने दोन रस्ते. एक, विक्स किंवा शॉपिफायसारखी तयार सेवा, जिथे महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरायचे आणि होस्टिंग (म्हणजे साईट इंटरनेटवर ठेवायची जागा), सिक्युरिटी, अपडेट सगळं तेच बघतात. दुसरा, होस्टिंग घेऊन त्यावर वर्डप्रेस हे साईट बनवायचं सॉफ्टवेअर टाकायचं. वर्डप्रेस २००३ पासून आहे, फुकट आहे, आणि जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाईट त्यावर चालतात, त्यामुळे कुठलीही अडचण आली तरी ती आधी कोणालातरी आलेली असते आणि उत्तर सापडतं. पण त्याचे अपडेट, बॅकअप तुम्हाला बघावे लागतात.

माझं मत विचाराल तर, वस्तू ऑनलाइन विकायच्या असतील आणि घरात कोणाला तांत्रिक गोष्टींची आवड नसेल तर तयार सेवा घ्या. सेवा देणारा धंदा असेल, चार-पाच पानंच हवी असतील आणि पुढे साईट एका होस्टिंगवरून दुसरीकडे नेता यावी असं वाटत असेल तर वर्डप्रेस. दोन्हीपैकी काहीही घ्या, पण डोमेन वेगळं आणि स्वतःच्या खात्यात, म्हणजे उद्या सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो.

साईटचा पत्ता https ने सुरू झाला पाहिजे, म्हणजे साईट सुरक्षित आहे, आणि त्यासाठी जे सर्टिफिकेट लागतं त्याला एसएसएल म्हणतात. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर ते नसलेल्या प्रत्येक साईटवर "सुरक्षित नाही" असं दाखवतो आणि ते वाचून माणूस मागे फिरतो. ह्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर आधी विचारा कशासाठी, कारण लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था हे सर्टिफिकेट फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप लावून देतात.

पाऊल ४: पानांवर काय लिहायचं

आता वही काढा.

पहिल्या पानावर, मोबाईलच्या पहिल्याच स्क्रीनमध्ये, बोट न सरकवता तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: तुम्ही काय करता, कुठल्या भागात करता, आणि संपर्क कसा करायचा. "गुणवत्ता आणि विश्वासाची परंपरा" ह्या वाक्यातून कोणाला काही कळत नाही. "सगळ्या कंपन्यांची शिलाई मशीन घरी येऊन दुरुस्त करतो" ह्यातून कळतं. फोन नंबर असा टाका की त्यावर बोट ठेवलं की थेट फोन लागेल. नंबर चित्रामध्ये टाकलेला असेल तर तो लागतही नाही, कॉपीही होत नाही आणि गुगललाही नीट वाचता येत नाही, पण तरी कितीतरी साईटवर तो चित्रातच असतो.

मग वहीतला एकेक मोठा प्रश्न म्हणजे एकेक पान. समजा "खालून दोऱ्याचा गुंता होतोय" हे पान घेतलं. त्यात खरं उत्तर द्या. की बाबा खाली गुंता दिसला तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो, वरचा दोरा पूर्ण काढा, दाबपट्टी वर उचला म्हणजे दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसेल, परत ओवा, सुई बदला, आणि एका चिंधीवर शिवून बघा. एवढं करूनही गुंता झाला तर आतलं काम आहे, तेव्हा आम्हाला फोन करा, साधारण इतके दिवस लागतात.

लोक मला म्हणतात, अहो असं सगळं सांगून टाकलं तर गिऱ्हाईक येईल कशाला? येतं. ज्याचं काम दोरा परत ओवून होणार होतं ते तसंही तुमच्याकडे येऊन तुमचा वेळच घेणार होतं, आणि ज्याचं नाही झालं त्याने आत्ताच बघितलंय की ह्या माणसाला कळतं आणि हा लपवाछपवी करत नाही. तो दुसरीकडे फोन करेल का? ह्या एका गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. जाहिरातीने ओळख होते पण भरवसा असा बसतो.

पैशांबद्दल पण लिहा. नक्की आकडा सांगता येत नसेल तर तो कशावर ठरतो ते सांगा, बघायचे पैसे वेगळे आहेत की कामातून वजा होतात ते सांगा. हे न लिहिल्यामुळे बरेच जण फोन करायला बिचकतात.

फोटो स्वतःच्या कामाचे टाका, विकतचे हसऱ्या परदेशी माणसांचे नकोत. खिडकीच्या उजेडात काढलेला उघड्या मशीनचा साधा फोटो जास्त बोलतो. पण मोबाईलमधला फोटो थेट चढवू नका, तो तीन-चार एमबीचा असतो, लहान करून दोनशे-तीनशे केबीवर आणा. गुगलच्या हिशोबाने पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा, आणि छोट्या साईट हळू असण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे अवजड फोटोच असतात. पेजस्पीड इनसाइट्स नावाचं गुगलचंच फुकट टूल आहे, त्यात पत्ता टाकला की कुठे अडतंय ते दाखवतं, मोबाईलचा निकाल बघा, कॉम्प्युटरचा नंतर.

पाऊल ५: गुगल बिझनेस प्रोफाइल

साईट अर्धवट असली तरी हे आजच करता येईल, कारण जवळपासचं गिऱ्हाईक नकाशावरच आधी बघतं. पूर्वी ह्याला गुगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ च्या शेवटी नाव बदललं. फुकट आहे. मालकी सिद्ध करायला बऱ्याचदा कामाच्या जागेचा, बोर्डाचा, अवजारांचा व्हिडिओ काढून द्यावा लागतो.

नकाशात वर कोण दिसणार हे गुगल स्वतः तीन गोष्टींवर सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून अंतर किती, आणि तुमचं नाव किती प्रसिद्ध आहे. अंतर तुमच्या हातात नाही, बाकी दोन बऱ्यापैकी आहेत. कॅटेगरी नेमकी निवडा. वेळा खऱ्या टाका आणि सुट्टी असेल तर आधी बदला, कारण "चालू आहे" वाचून आलेला माणूस बंद दार बघून गेला तर तो परत येत नाही आणि वर वाईट रिव्ह्यू लिहून जातो. नावात मात्र "स्वस्त दुरुस्ती, बेस्ट सर्व्हिस" असले शब्द घुसवू नका, बोर्डावर जे नाव आहे तेच, नाहीतर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. घरून काम करत असाल आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नसेल तर पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग दाखवायचा.

रिव्ह्यू मागायला लाजू नका. काम झालं, माणूस खूश आहे, त्याच क्षणी प्रोफाइलमधून मिळणारी लिंक किंवा क्यूआर कोड पुढे करा. दोन दिवसांनी मागितलं तर कोणी देत नाही. बदल्यात सूट किंवा भेट देणं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि फक्त खूश माणसांनाच निवडून विचारणंही बसत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर त्या रात्री उत्तर देऊ नका. सकाळी शांतपणे लिहा, काय झालं, काय दुरुस्त करून देताय, फोन नंबर. ते उत्तर त्या एका माणसासाठी नसतंच, पुढे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी असतं.

पाऊल ६: गुगलला साईट दाखवणं

साईट चालू झाली की गुगल सर्च कन्सोलमध्ये ती जोडा, तेही फुकट. लोक कुठले शब्द टाईप करून तुमच्यापर्यंत आले ते तिथे दिसतं आणि ते वाचणं म्हणजे परत ती वहीच वाचणं आहे. प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं आणि गिऱ्हाईकाच्या शब्दांत असू द्या, सगळ्या पानांना "होम" असं नाव देऊ नका. कोणी "मेटा कीवर्ड टाकून देतो" (पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी) म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका, गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय की रँकिंगसाठी तो टॅग ते बघत नाहीत. आणि "पहिला नंबर गॅरंटीने" म्हणणाऱ्यापासून लांबच राहा, अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही असं खुद्द गुगल सांगतं. ह्या कामाला महिने लागतात, दोन आठवड्यांत काही दिसलं नाही म्हणून सोडून देऊ नका.

पाऊल ७: सोशल मीडिया, व्हॉट्सअॅप, ईमेल

सगळीकडे असायची गरज नाही. तुमचं गिऱ्हाईक जिथे आहे अशी एक जागा निवडा आणि तिथे नियमित राहा, पाच ठिकाणी अर्धवट अकाउंट उघडून ठेवण्यापेक्षा ते खूप बरं. रोज सुविचार टाकून काम येत नाही, दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा आवाज ऐकवणारा वीस सेकंदांचा व्हिडिओ टाका, खाली साईटच्या त्या पानाची लिंक.

व्हॉट्सअॅप बिझनेस हे वेगळं ॲप आहे, जानेवारी २०१८ पासून, त्यात कॅटलॉग, कामाच्या वेळा, बंद असताना जाणारा आपोआप मेसेज हे सगळं लावता येतं. साईटवर अशी लिंक ठेवा की दाबल्यावर चॅट उघडेल आणि त्यात "माझं मशीन... अशी अडचण आहे" एवढं आधीच लिहिलेलं असेल, कोऱ्या चॅटपुढे माणूस काय लिहू म्हणून थांबतो. फक्त लोकांना न विचारता ग्रुपमध्ये कोंबणं आणि दिवसाला चार फॉरवर्ड हे करू नका, नंबर ब्लॉक होतो आणि नातंही.

ईमेल तुमच्या धंद्यात चालत असेल तर स्वतःच्या डोमेनचा ईमेल वापरा आणि ज्यांनी हो म्हटलंय त्यांनाच पाठवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केलेत, पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या सेटिंग नसतील तर मेल स्पॅममध्ये जातो किंवा परत येतो, होस्टिंगवाल्याला "एसपीएफ आणि डीकेआयएम लावलंय का" एवढं विचारा.

पाऊल ८: जाहिरात, आणि ती सगळ्यात शेवटी का

हिशोब करून बघू. समजा १०० जणांनी जाहिरातीवर क्लिक केलं, ६ जणांनी फोन केला, २ कामं मिळाली. म्हणजे एका कामामागे ५० क्लिकचे पैसे गेले. आता पान सुधारलं, नंबर वर आणला, दिवस आणि बघायचे पैसे लिहिले, आणि त्याच १०० क्लिकमधून १२ फोन आणि ४ कामं आली, तर एका कामाला २५ क्लिक. जाहिरातीचा खर्च तोच, कामं दुप्पट. म्हणून आधी पान, मग जाहिरात. आणि एका कामातून खर्च वजा जाता जे हातात उरतं त्यापेक्षा त्या कामामागचा क्लिकचा खर्च जास्त होत असेल तर ती जाहिरात थांबवा, "नाव तरी होतंय" म्हणून पदरचे पैसे घालत राहू नका.

गुगल ॲड्समध्ये पहिल्यांदा जाताना तीन सेटिंग नक्की बघा. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये "त्या भागात असलेले किंवा त्या भागात रस असलेले" असा पर्याय सहसा आधीच निवडलेला असतो, तो बदलून फक्त त्या भागात असलेले करा, नाहीतर दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस तुमच्या पैशाने क्लिक करतो. सर्चच्या जाहिरातीत डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतरांच्या साईट आणि ॲपवर जाहिरात दाखवायची, खूण असेल तर काढा. आणि दर दोन-तीन दिवसांनी लोकांनी प्रत्यक्ष काय टाईप केलं ती यादी उघडा. "शिलाई मशीन दुरुस्ती कोर्स", "दुरुस्ती नोकरी", "फुकट मॅन्युअल" असे शब्द तिथे हमखास सापडतात, ते नकोच्या यादीत टाका. पहिल्या महिन्यात पैसे वाचतात ते इथेच.

फेसबुक, इन्स्टाग्रामवरचं "बूस्ट" बटण सोपं आहे म्हणून सगळे दाबतात. त्यात लाईक येतात. फोन किंवा मेसेज हवे असतील तर फेसबुकच्याच ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन उद्देश तोच निवडा, थोडं किचकट वाटतं पण दोनदा केलं की हात बसतो. रोजची मर्यादा छोटी ठेवा, दोन आठवडे एकच गोष्ट चालवा, रोज बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही.

पाऊल ९: मोजणं आणि सांभाळणं

साईटवर किती लोक आले, कुठून आले हे मोजणारं गुगल ॲनालिटिक्स लावा पण सुरुवातीला त्याच्या आलेखांत हरवू नका. सगळ्यात खात्रीचं मोजमाप म्हणजे प्रत्येक फोनवाल्याला विचारणं, "आमचा नंबर कुठे मिळाला?" आणि उत्तर वहीत लिहिणं: नकाशा, साईट, इन्स्टा, ओळखीतून. महिन्याअखेरीला मोजा. ज्या गोष्टीवर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवता तिच्यातून दोन फोन आणि जिच्याकडे लक्षच नाही तिच्यातून पंधरा, असं चित्र मी बऱ्याच वेळा बघितलंय.

महिन्यातून एक तास साईटसाठी ठेवा. अपडेट करा, बॅकअप घ्या आणि तो होस्टिंगच्या बाहेर पण ठेवा. चौकशीचा फॉर्म स्वतः भरून मेल येतोय का बघा, कारण फॉर्म बंद पडला तर कोणी सांगायला येत नाही, चौकशा नुसत्या बंद होतात. "तुमचं डोमेन संपतंय, इथे पैसे भरा" असे खोटे मेल येतात, त्यातल्या लिंकवर कधीच जाऊ नका, स्वतः डोमेनच्या खात्यात जाऊन तारीख बघा.

आणि मग दुसऱ्या कोणाच्यातरी मोबाईलवर, ज्यात तुमची साईट कधी उघडलेली नाही, गिऱ्हाईक टाईप करेल तेच टाईप करा. काय दिसतंय, नंबर लागतोय का, पान किती वेळात उघडतंय ते बघा. वहीत ह्या महिन्यात एखादा नवा प्रश्न तीन-चार वेळा आलेला असेल तर त्याचं पान लिहायला घ्या.